दप्तराचे ओझे आणि सहा गठ्ठे : अहमदनगर जिल्ह्यातील कार्यालयीन सुधारणेचा तिसगावच्या संदर्भात ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा : पत्रव्यवहार, तारखा आणि करावयाची कामे यांचा मेळ घालण्यासाठी हलके साधन शोधण्याची धडपड संगणकाबरोबर सुरू झाली, असा सर्वसाधारण समज आहे. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी केलेली कार्यालयीन सुधारणा पाहता हा समज टिकत नाही. ती सर्वस्वी कागदावर आधारलेली होती. प्रस्तुत शोधनिबंधात या सुधारणेची पूर्वपीठिका, तिची अंतर्गत रचना आणि तिचे पुढील रूपांतर यांचा विचार पाथर्डी तालुक्यातील तिसगाव या गावाच्या संदर्भात केला आहे.

बीजसंज्ञा : लखीना पद्धती, सहा गठ्ठे, दप्तर, गाव नमुने, प्रतीक्षाधीन प्रकरण, अभिलेख वर्गीकरण.

प्रस्तावना

नगरहून पाथर्डीकडे जाणारा रस्ता करंजीचा घाट ओलांडून तिसगावात येतो. पाथर्डी तालुक्यातील हे बाजारपेठेचे मोठे गाव. नगर येथून सुमारे ४० किलोमीटरवर, आणि तालुक्याचे ठिकाण त्याहून बरेच जवळ. कानिफनाथांचे मढी येथून थोड्याच अंतरावर आहे. या रस्त्याने माणसे आणि माल ये-जा करतात, त्याचप्रमाणे कागदही ये-जा करीत आले आहेत. वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडून मंडळ अधिकाऱ्याकडे जातो, दाखल्याचा अर्ज तहसील कार्यालयाकडे, एखादे अपील प्रांताकडे आणि तेथून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. उलट दिशेने परिपत्रके, स्मरणपत्रे आणि खुलासा मागणारी पत्रे येतात. गावातील माणसाच्या दृष्टीने सरकार म्हणजे बहुतांशी हा कागदाचा प्रवास होय. आपला कागद नेमका कोठे अडला आहे, हे कळणे हाच त्याचा मुख्य प्रश्न असतो.

अडलेल्या कागदाची हकीकत बहुधा भ्रष्टाचाराच्या किंवा अनास्थेच्या अंगाने सांगितली जाते. ती खोटी नाही, परंतु अपुरी आहे. पुष्कळ कागद केवळ ठेवण्याची जागा चुकल्यामुळे अडतात. आज करावयाचे काम, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारे काम, ठरावीक तारखेस पाठवावयाचे विवरण, सदैव हाताशी लागणारा आदेश, संपलेले प्रकरण आणि टाकून देण्याजोगा कागद ही सर्व एकाच टेबलावर एकाच ढिगात पडली असता प्रामाणिक कारकूनही हतबल होतो. सकाळी ई-मेलची पेटी उघडून विद्यापीठाचे परिपत्रक, मूल्यांकन समितीची मागणी, विद्यार्थ्याचा अर्ज आणि प्रकाशकाची जाहिरात एकाखाली एक पाहणाऱ्या प्राध्यापकास ही अवस्था समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

कुलकर्ण्याच्या घरापासून तलाठ्याच्या सज्जापर्यंत

'दप्तर' हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि मराठी राज्यकारभारात पूर्णपणे रुळला. चिटणीस पत्रे पाही, फडणीस हिशेब पाही, दफ्तरदार कागद सांभाळी. पत्र, हिशेब आणि संग्रह ही तीन कामे तीन निराळ्या जबाबदाऱ्या मानल्या जात, ही बाब लक्षणीय आहे. चिटणीस हे नाव जिल्हाधिकारी कार्यालयातील शाखेच्या रूपाने इंग्रजी अमदानीनंतरही टिकले. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद कापडात बांधून ठेवले जात आणि त्या गठ्ठ्यास रुमाल म्हणत. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात या दप्तरातील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध झाले, ते या रुमालांमुळेच शक्य झाले. परंतु रुमाल हे साठवणुकीचे साधन आहे. गेल्या वर्षी काय घडले हे त्यात सापडते. उद्या काय करावयाचे आहे हे सापडत नाही.

गावपातळीवर हे काम वतनदार कुलकर्णी करी आणि दप्तर त्याच्या घरात राही. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर नगर येथे कलेक्टरचे कार्यालय आले. हेन्री पॉटिंजर हे तेथील पहिले कलेक्टर होत. राज्य बदलले तरी कुलकर्णी राहिला. मुंबई परगणा व कुलकर्णी वतने नाहीशी करण्याचा कायदा १९५० मध्ये होऊन १९५१ पासून त्याची अंमलबजावणी झाली, तेव्हा त्याची जागा पगारी तलाठ्याने घेतली. या तलाठ्याचे पदनाम २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी असे करण्यात आले. प्रस्तुत निबंधात ऐतिहासिक सोयीसाठी तलाठी हाच शब्द वापरला आहे.

मधल्या काळातील महत्त्वाचा टप्पा म्हणजे गाव नमुन्यांची आखणी. महसूल खात्यात 'अँडरसन मॅन्युअल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमपुस्तिकेने गाव, तालुका व जिल्हा यांचे महसुली हिशेब एका साच्यात बसविले. गाव नमुना १ ते २१ ही मालिका तिच्यातूनच रूढ झाली. नमुना ६ म्हणजे फेरफार, ७ व १२ म्हणजे सातबारा, ८ अ म्हणजे खाते, एवढे शेतकऱ्यास तोंडपाठ असते. मालिकेच्या शेवटच्या भागाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. नमुना १६ मध्ये शासकीय आदेश व नियमपुस्तके यांची नोंद असते, १८ मध्ये मंडळ अधिकाऱ्याच्या पत्रव्यवहाराची, २० मध्ये टपाल तिकिटांची आणि २१ मध्ये दैनंदिन कामाची. पत्रे, आदेश आणि रोजनिशी यांची सोय जमिनीच्या हिशेबाच्या शेपटीला अशी जोडलेली होती. तिला स्वतःचा विचार नव्हता.

प्रत्येक नमुना आपापल्या जागी शहाणपणाचा आहे, हे मान्य केले पाहिजे. अडचण त्यांच्या बेरजेत आहे. सरकारी कार्यालयात नवी नोंदवही सुरू करणे सोपे असते आणि जुनी बंद करणे अत्यंत कठीण. नवी सुरू करण्यास एक परिपत्रक पुरते. जुनी बंद करण्यास कोणीतरी जबाबदारी घ्यावी लागते. ग्रामपंचायतीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९५९ च्या नियमांनुसार रूढ असलेले २७ नमुने २०११ च्या लेखासंहितेत ३३ झाले. संगणकाचा प्रसार होत असतानाच्या काळातील ही वाढ आहे.

लखीना पद्धतीची रचना

अनिलकुमार लखीना हे भारतीय प्रशासन सेवेतील महाराष्ट्र संवर्गाचे अधिकारी. अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना त्यांनी आपल्याच कार्यालयाची पुनर्रचना हाती घेतली. कार्यालयाची मांडणी, कर्मचाऱ्यांमधील कामाचे वाटप, कार्यपद्धतीचे लेखी नियम आणि अभिलेखांचे वर्गीकरण या सर्व बाबी तिच्या कक्षेत होत्या. पुढे हा प्रयोग 'लखीना पॅटर्न' या नावाने महाराष्ट्रभर गेला आणि लखीना यांना पद्मश्री मिळाली. दुष्काळी तालुक्यांचा जिल्हा, त्यातून रोजगार हमीची कामे, टँकर, चारा आणि वसुली तहकुबी यांचा सततचा पत्रव्यवहार. कागदांचा ओघ आवरण्याची निकड अशा जिल्ह्याच्या कार्यालयास विशेष जाणवावी, यात नवल नाही.

या पद्धतीचा गाभा म्हणजे कारकुनाच्या टेबलावरील सहा गठ्ठे. पहिल्या गठ्ठ्यात प्रलंबित प्रकरणे, म्हणजे ज्यांवर त्या कारकुनाने स्वतः कार्यवाही करावयाची आहे अशी. दुसऱ्यात प्रतीक्षाधीन प्रकरणे. येथे कारकुनाने आपले काम केलेले असते आणि उत्तर दुसऱ्या कार्यालयाकडून अथवा अर्जदाराकडून यावयाचे असते. तिसरा गठ्ठा नियतकालिकांचा : साप्ताहिक, मासिक, त्रैमासिक, वार्षिक विवरणे, ज्यांची तारीख आधीच ठरलेली असते. चौथ्यात स्थायी आदेशांची संचिका, विषयवार लावलेले शासननिर्णय व परिपत्रके. पाचव्यात निकाली निघालेली व अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे. सहाव्यात 'ड' वर्गाचे, म्हणजे अल्प मुदतीनंतर नष्ट करावयाचे कागद.

ही यादी नीट पाहिली असता तिची खुबी ध्यानात येते. कागदाचे वर्गीकरण विषयावरून करण्याची सवय सर्वत्र आढळते : जमीन, पुरवठा, निवडणूक, आस्थापना. सहा गठ्ठ्यांची विभागणी विषय विचारीत नाही. या कागदाच्या बाबतीत पुढील पाऊल कोणाचे आणि केव्हाचे, एवढेच ती विचारते. पहिला गठ्ठा ही कामांची यादी, दुसरा व तिसरा मिळून दिनदर्शिका, चौथा संदर्भग्रंथ आणि उरलेले दोन म्हणजे टेबल मोकळे करण्याची सोय. एका कापडी फितीपलीकडे यासाठी कोणतेही नवे साधन लागले नाही.

याच्या जोडीला कार्यविवरण नोंदवही होती. बारनिशीत आलेले प्रत्येक पत्र संबंधित कारकून आपल्या कार्यविवरणात उतरवून घेई आणि आठवड्याच्या शेवटी गोषवारा काढी : मागील शिल्लक, नवी आवक, निर्गती आणि अखेरची शिल्लक. हिशेबाच्या वहीत रोकड मोजावी त्याप्रमाणे येथे काम मोजले जाई. वरिष्ठाने 'काम कसे चालले आहे' असे विचारण्याऐवजी शिल्लक विचारावी, ही त्यामागील अपेक्षा होती. अर्थात गोषवारा सजविण्याची कलाही कार्यालयांत लवकरच अवगत झाली. प्रलंबित प्रकरण एखादी निरर्थक विचारणा करून प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात ढकलले की आठवड्याची शिल्लक कमी दिसते. 'त्रुटीची पूर्तता करावी' या एका ओळीने किती अर्ज परत गेले असतील याची गणना कोणत्याच नोंदवहीत होत नाही.

जागतिक संदर्भात पाहता एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. अमेरिकेतील डेव्हिड ॲलन यांचे 'गेटिंग थिंग्ज डन' हे पुस्तक २००१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि नोकरदार वर्गात त्याचा मोठा बोलबाला झाला. स्वतः करावयाच्या कामांहून दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या कामांची यादी निराळी ठेवणे, तारखेचे कागद ३१ दिवसांच्या व १२ महिन्यांच्या अशा एकूण ४३ पाकिटांत लावणे, संदर्भाचे कागद कृतीच्या कागदांत न मिसळणे, ही त्यातील प्रमुख तत्त्वे आहेत. ती नगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात सुमारे दोन दशके आधी गठ्ठ्यांच्या रूपाने नांदत होती. एकाने दुसऱ्याचे घेतले असे सुचविण्याचा हेतू नाही. टेबल भरले की जगभरच्या कारकुनास सुचणारा तोडगा साधारण सारखाच असतो, एवढेच यावरून दिसते.

प्रतीक्षाधीन गठ्ठा आणि तिसगाव परिसरातील ऋतुमान

सहा गठ्ठ्यांपैकी दुसरा गठ्ठा सर्वांत नाजूक होय आणि त्याचे मर्म तिसगावसारख्या गावातूनच चांगले कळते. वारसनोंदीचे उदाहरण घ्यावे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे हक्क प्राप्त झाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्यास खबर द्यावयाची असते. कलम १५० प्रमाणे तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटीस देतो आणि हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत राहते. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो किंवा हरकत आल्यास ती विवादग्रस्त म्हणून चालवितो. या १५ दिवसांत प्रकरण कायद्यानेच प्रतीक्षाधीन असते. कोणी कितीही तत्पर असला तरी ते पुढे नेता येत नाही. सोळाव्या दिवशी मात्र तेच प्रकरण प्रलंबित होते. एका गठ्ठ्यातून दुसऱ्या गठ्ठ्यात कागद हलविण्याचा हा दिवस कोणाच्याही स्मरणावर सोडता येत नाही. तो लिहून ठेवावा लागतो, आणि लिहिलेले रोज पाहावे लागते.

आता याच प्रकरणाकडे अर्जदाराच्या बाजूने पाहावे. पाथर्डी तालुका हा ऊसतोडणी कामगारांचा तालुका. दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि हंगाम आटोपल्यावर, साधारण मढीच्या यात्रेच्या आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. या मधल्या पाच-सहा महिन्यांत गावच्या पत्त्यावर गेलेली नोटीस कोणाच्या हाती पडते? हरकतीचे १५ दिवस केव्हा सुरू झाले आणि केव्हा संपले, हे फडावर असलेल्या भावाला समजत नाही. परत आल्यावर त्याला प्रमाणित झालेला फेरफार दिसतो आणि मग अपिलाचा नवा कागद सुरू होतो. उलटपक्षी, त्रुटीची पूर्तता करण्यासाठी ज्याची वाट पाहिली जात आहे तो अर्जदारच फडावर असेल तर त्याचे प्रकरण पूर्तता न केल्याच्या शेऱ्यानिशी दप्तरी दाखल होण्याचा धोका असतो.

महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि वसुलीचा जोर त्या आधीच्या महिन्यांत असतो. नियतकालिकांचा तिसरा गठ्ठा या तारखांनी बांधलेला आहे. गळिताचा हंगाम त्यात कोठेही नाही. तिसगावच्या परिसरातील निम्मी कामे ज्या ऋतुमानाने होतात ते ऋतुमान कार्यालयाच्या दिनदर्शिकेत न उतरणे, ही या अन्यथा कुशल रचनेतील उणीव म्हटली पाहिजे. सुधारणेचा विचार कारकुनाच्या टेबलापासून सुरू झाला आणि टेबलाच्या कडेशी थांबला. कारकुनाचा भार हलका झाला म्हणजे अर्जदाराचाही हलका होईल, हे त्यात गृहीत धरलेले होते. पुष्कळ प्रकरणी ते खरेही ठरले असेल. कोयता घेऊन गेलेल्या माणसाच्या बाबतीत ते गृहीत धरता येत नाही.

कायदा, शून्य प्रलंबितता आणि संगणक

पुढील टप्पे थोडक्यात सांगता येतात. दप्तर दिरंगाईविरुद्धच्या कायद्याची मागणीही याच जिल्ह्यातून, पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीहून, अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रूपाने पुढे आली. बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम २००६ पासून अमलात आला. सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ राहू नये, अन्य विभागाकडे पाठविण्याची आवश्यकता नसलेल्या प्रकरणी ४५ दिवसांत आणि तशी आवश्यकता असल्यास तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असे त्याचे कलम १० सांगते. पहिल्या आणि दुसऱ्या गठ्ठ्यातील भेद अशा रीतीने कायद्याच्या भाषेत आला. २००५ च्याच केंद्रीय माहिती अधिकार कायद्याने अभिलेख सूचीबद्ध ठेवण्याचे बंधन घातले आणि २०१५ मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम आला. २०१७ मध्ये पुणे विभागाचे तत्कालीन आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल' या नावाने मोहीम चालविली, तिच्यातही सहा गठ्ठेच होते. एखादी सुधारणा पस्तीस वर्षांनी पुन्हा नव्याने सुरू करावी लागते याचा अर्थ ती चांगली होती आणि टिकली नव्हती, असा दुहेरी होतो.

संगणकामुळे सातबारा व फेरफार यांचे रूप खरोखर पालटले. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, २०२१ मध्ये ई-पीक पाहणी आली. ई-फेरफार प्रणालीत मुदतीचे दिवस यंत्रच मोजते, त्यामुळे सोळाव्या दिवसाचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे. हे श्रेय मोकळेपणाने दिले पाहिजे. पत्रव्यवहाराची कथा निराळी आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ई-ऑफिस प्रणालीने टपाल, नस्ती, टिप्पणी ही कागदी रचना जशीच्या तशी पडद्यावर आणली, आणि शेजारी ई-मेल राहिला, आणि त्याच्याही शेजारी व्हॉट्सॲपचे गट आले. मंडळ अधिकाऱ्याचा निरोप, तहसीलचे 'तातडीचे' विवरण, बैठकीची वेळ हे सर्व गटावर येते. साधन म्हणून ते अतिशय हलके. खेड्यातील कर्मचाऱ्यास शिकवावे लागत नाही. परंतु त्याला बारनिशी नाही. आलेल्या निरोपास क्रमांक पडत नाही, तो कोणत्या गठ्ठ्यातला हे ठरत नाही, आणि दोनशे शुभेच्छांच्या खाली गेलेला आदेश पाळला गेला नाही तर जबाबदार कोण, हेही ठरत नाही.

येथे एक जुना वाद नव्या रूपाने उभा राहतो. मायक्रोसॉफ्टच्या १९९७ च्या आउटलुकने पत्रपेटी, दिनदर्शिका आणि कामांची यादी एकाच आज्ञावलीत बांधली. सोय झाली, तसा तिचा बोजाही वाढला. २००६ मध्ये गीना त्रपाणी यांनी साध्या मजकुराच्या एका फाइलीत कामांची यादी ठेवण्याची 'टुडू टीएक्सटी' पद्धत मांडली, तिच्यामागे हा बोजा उतरविण्याचीच इच्छा होती. सर्व एकत्र असावे की प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी सुटी असावी, हा तो वाद. चिटणीस, फडणीस आणि दफ्तरदार यांची विभागणी एका टोकाला. एकाच पेटीत सर्व ओतणारा ई-मेल दुसऱ्या टोकाला. लखीना पद्धती मधली आहे. टेबल एकच, परंतु त्यावरील गठ्ठे सहा. महाविद्यालयातील ज्या अध्यापकांनी मोठी आज्ञावली सोडून कागदाची छोटी वही आणि ई-मेलमधील चार कप्पे एवढ्यावर काम भागविले आहे, ते नकळत याच मधल्या मार्गाने चालले आहेत.

सहावा गठ्ठा

अद्याप ज्याची चर्चा झाली नाही तो सहावा गठ्ठा या रचनेचा खरा आधार होय. कागद आत येतच राहणार. तो बाहेर जाण्याची वाट नसेल तर पहिले पाच गठ्ठे काही महिन्यांत पुन्हा एकच ढीग होतात. म्हणून अभिलेखांचे वर्ग पाडले जातात. जिल्हा परिषदेत रूढ असलेल्या विभागणीत 'अ' वर्ग कायमचा, 'ब' ३० वर्षांचा, 'क' १० वर्षांचा, 'क-१' पाच वर्षांचा आणि 'ड' एक वर्षाचा. वर्गांप्रमाणे गठ्ठ्यांच्या कापडाचा रंगही निराळा ठेवतात, म्हणजे कपाट उघडताच कोणता गठ्ठा किती दिवसांचा पाहुणा आहे ते दिसावे.

संगणकाच्या पत्रपेटीने नेमकी हीच वाट बंद केली. १ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेल सुरू केले तेव्हा एक गिगाबाइट जागा देऊ केली. त्या वेळी इतर मोफत सेवा काही मेगाबाइटवर समाधान मानीत होत्या. पत्र नष्ट करण्याची गरज नाही, ते नजरेआड करा आणि लागेल तेव्हा शोधा, असा तिचा आशय होता. शोध उत्तम चालतो, यात शंका नाही. परंतु शोधण्यासाठी काय शोधावयाचे हे आधी आठवावे लागते. विसरलेले काम शोधून सापडत नाही. ते गठ्ठ्यात समोर पडलेले असावे लागते. शिवाय काहीच नष्ट होत नसल्याने अमुक कागद कायम ठेवण्याच्या योग्यतेचा आहे की नाही, हा निर्णयही कोणास घ्यावा लागत नाही.

हा निर्णय घेणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रास २०२३ मध्ये कळले. मराठा समाजातील व्यक्तींना कुणबी प्रमाणपत्रे देण्यासाठी निजामकालीन व अन्य पुरावे तपासण्याकरिता निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती त्या वर्षी सप्टेंबरमध्ये नेमण्यात आली आणि लवकरच राज्यभर १९६७ पूर्वीच्या नोंदींचा शोध सुरू झाला. तहसील कार्यालये, भूमी अभिलेख कार्यालये, शाळा येथील जुनी कपाटे उघडली गेली. या शोधात महत्त्वाचा ठरला तो जन्ममृत्यूच्या नोंदींचा जुना गाव नमुना १४, ज्यास कोतवाल बुक म्हणतात. कोतवालाने गावात जन्मलेल्या व मेलेल्या माणसाच्या नावापुढे त्याची जात लिहिली होती. लिहिणाऱ्यास ती एक रकाना भरण्याची बाब होती. पुढे त्या एका शब्दावर कोणाचे आरक्षण, कोणाचे शिक्षण आणि कोणाची नोकरी अवलंबून राहील, असे त्याच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या मनातही आले नसेल. ही वही कोणी रद्दीच्या गठ्ठ्यात बांधली असती तर त्या गावापुरता प्रश्न तेथेच मिटला असता, आणि जेथे ती वाळवीने किंवा पावसाने गेली तेथे तो तसाच मिटलाही.

कागदाचे आयुष्य ठरविताना टेबलावरील कारकुनास आज उपयोगाचे काय आहे एवढेच दिसते, आणि हलकेपणाची ओढ त्याला 'ड'च्या दिशेने नेते. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ ने अभिलेख नष्ट करण्यावर कार्यपद्धतीचे बंधन घातले ते याच कारणाने आवश्यक होते. जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने शंभर दिवसांचा कार्यालयीन सुधारणांचा कार्यक्रम घोषित केला. त्यात कार्यालयांच्या स्वच्छतेवर भर होता आणि जुन्या अभिलेखांचे निंदणीकरण त्याच ओघात आले. निंदणी हा शेतीतला शब्द. रानात तण कोणते आणि पीक कोणते, हे निंदणाऱ्या बाईस पाहताक्षणी कळते. कपाटापुढे बसलेल्या कर्मचाऱ्याची अडचण याहून मोठी आहे. कुणबी नोंदींच्या शोधात तर गठ्ठे सोडल्यानंतर निराळाच पेच पडला. अनेक नोंदी मोडी लिपीत होत्या. त्या सांभाळणाऱ्या कार्यालयातील कोणासही त्या वाचता येत नव्हत्या, आणि त्यांपैकी कोणता कागद कोणत्या वर्गाचा हे ठरविण्यापूर्वी बाहेरून मोडीचे जाणकार बोलवावे लागले.